वाळू घातलेली ओळ

१

दुपारी दोनला वाचनालयाच्या मागच्या खोलीचं कुलूप निघालं. सत्यभामाबाई आत गेल्या, पदरानं चष्मा पुसला, वही पुढ्यात ओढली आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

बारा वाजता जेवायला घरी जाताना त्या पानावर एकोणीस ओळी होत्या. बाई चोवीस वर्षं नांदुऱ्याच्या मुलींच्या शाळेत मास्तरीण होत्या, त्यांचं मोजणं चुकत नसे. आता ओळी वीस होत्या. विसावी ओळ पानाच्या अगदी तळाशी, समासात. मोडी लिपी, बोरूनं ओढलेली, काळीभोर.

'वरची ओळ माझी नव्हे.'

ते अक्षर त्यांच्या वडिलांचं होतं. टोकाला किंचित वर उचललेली रेघ, शेवटच्या अक्षराला दिलेला झोल. हेच अक्षर गिरवून त्या मोडी शिकल्या होत्या. आणि वडील, म्हणजे वामनराव दिवाणजी, जाऊन चाळीस वर्षं झाली होती. ज्ञानगंगेच्या डोहातून त्यांना काढलं तेव्हा बाई अकरा वर्षांच्या होत्या.

ओळीवर काहीतरी चकाकत होतं. बाईंनी बोट लावलं तर बोटाला बारीक वाळू चिकटली. नदीची वाळू, आणि गार.

२

महाराष्ट्र होऊन तीन वर्षं झाली होती. जुनं अडगळीतलं बाहेर काढून जपायचं, असं वारं तेव्हा गावोगाव सुटलं होतं. त्याच वाऱ्यात भगवंतराव पाटलांनी आपल्या वडिलांच्या, म्हणजे हिंमतरावांच्या, कापसाच्या अडतीच्या त्रेचाळीस वह्या वाचनालयाला देऊन टाकल्या. बैलगाडीतून आल्या त्या. लाल खारव्याच्या, सुतळीनं बांधलेल्या, वाळवीनं कुठे कुठे चाखलेल्या. मोडी घडाघडा वाचणारं गावात कोण उरलं होतं? सत्यभामाबाईच. ग्रंथपाल शेषराव त्यांच्या दारी गेले आणि म्हणाले, "बाई, तुम्ही वाचून यादी करून द्या. नाहीतर उंदरं वाचतीन."

बाई यादी करायला बसल्या आणि यादी विसरून गेल्या. काय काय नव्हतं त्या वह्यांत! 'सुईण मनकर्णाबाई हिस मुलगा झाला सबब लुगडे एक.' पुढल्या सालची बोळवण बघा, 'मनकर्णाबाई हिस मुलगी झाली सबब खण एक.' एका पोळ्याला बैलांच्या झुलीला आरसे लावले, पुढल्या पोळ्याला 'आरसे फुटले, बैल बुजला' असं दिवाणजीनं हिशेबात लिहून ठेवलेलं. साखरखेर्ड्याची वरात स्टेशनावर खोळंबली, तिला केळी बारा डझन. बाई एकट्याच हसायच्या. मेलेली माणसं अशी लुगडी नेसून, केळी खात पानातून उठून बसायची आणि बाईंना घरच्यासारखी वाटायची.

पण खरं सांगायचं तर बाई आल्या होत्या एकाच पानासाठी. फसली सन तेराशे तेहतीस, म्हणजे चाळीस वर्षांपूर्वीचं साल, आश्विन महिना. त्या सालच्या रोजकीर्दीत, म्हणजे दिवसाचा दिवसाला खर्च मांडायच्या वहीत, ती ओळ होती: 'वामनराव खुद्द यांचे नावे रोख रुपये तीनशे.'

हिंमतरावांनी ती ओळ गावाला दाखवली होती. "मले न विचारता पेटीतून उचलले, वर लिहूनबी ठेवले. अक्षर कोनाचं हाय, पाहा!"

वामनराव ओळीकडे नुसते पाहत राहिले. तिन्हीसांजेला घरी येऊन बायकोला म्हणाले, "मंजुळे, अक्षर तर माझंच हाय. पन म्या लिवलं नाही." तिसऱ्या दिवशी ते डोहात सापडले.

पुढे मंजुळाबाई चाळीस वर्षं चोराची बायको म्हणून जगली आणि गेल्या चैत्रात तशीच मेली. मरताना लेकीला एवढंच म्हणाली, "त्याहीचं नाव तेवढं धुऊन काढ." बाईंना रोज त्या ओळीवर बोट ठेवून बसल्यावाचून राहवत नसे. अक्षर बापाचंच होतं. तिथेच सगळं अडत होतं. आणि विसावी ओळ उगवली होती ती ह्याच पानाच्या तळाशी.

३

"शेषराव, बारा ते दोन खोलीत कोण आलं होतं?"

शेषरावांनी नवी ओळ पाहिली आणि त्यांच्या हातातलं वर्तमानपत्र गळून पडलं. मोडी त्यांना अडखळत वाचता यायची.

"कोनी नाही, बाई! तुम्ही गेल्या की मी कुलूप लावतो, किल्ली जानव्याले. दोन वाजता तुमच्यासमोर काढतो." त्यांनी वाळू पाहिली आणि आवाज आपोआप खाली गेला. "डोहातली तर नाही न ही?"

"तुम्ही लिहिताना शाई कशानं टिपता?"

"म्हंजे? टिपकागदानं. दुसरं कशानं टिपतात?"

कोपऱ्यात उत्तमराव झाडू घेऊन उभे होते. पासष्टीचे, वाळक्या बाभळीसारखे. एकेकाळी हिंमतरावांच्या अडतीत मापारी होते, तोलाचा काटा धरायचे. आता वाचनालयात झाडलोट करायचे आणि महिन्याच्या महिन्याला पगारापुढे अंगठा उठवायचे. वह्या गाडीतून उतरवून फळीवर लावल्या त्या त्यांनीच.

"उत्तमराव, तुम्ही पाहिलं का कोणाला?"

"आपन काय पाहाव, बाई," ते खाली बघत म्हणाले. "काळं तेवढं कागदावर दिसते. दिवाणजी येऊन गेले असतीन."

दुपारचं ऊन खिडकीतून लख्ख येत होतं, बाहेर नांदुऱ्याच्या बाजाराचा कल्ला ऐकू येत होता, आणि तरी त्या खोलीत कुणीतरी नुकतंच उठून गेल्यासारखं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी बारा वाजता बाईंनी स्वतः कुलूप ओढून पाहिलं. खिडक्या पाचही आतून बंद. दोनला कुलूप निघालं. पहिल्या ओळीखाली दुसरी आली होती. तीच रेघ, तोच झोल, तीच वाळू.

'सत्ये, मी चोर नव्हे.'

सत्ये! या नावानं हाक मारणारं जगात एकच माणूस होतं. बाई लहान पोरीसारख्या हुंदके देऊन रडल्या.

४

अशा गोष्टी गावात लपतात होय? शेषरावांनी बायकोला सांगितलं, बायकोनं झुंबरबाईला, आणि झुंबरबाईला सांगणं म्हणजे दवंडी देणं. दिवे लागायच्या आत भगवंतराव पाटील छत्री आपटत वाचनालयात हजर.

"हे काय ऐकून राह्यलो मी? दिवाणजीचं भूत आमच्या वह्यांत लिवते म्हनते!"

"ओळी तर आल्या आहेत," बाई म्हणाल्या.

"मले मोडी येत नाही. पन एवढं समजते का, हे माह्या बापाच्या नावाले काळं फासाचं काम हाय. घरी पोरीची सोयरीक चालू हाय अन् तुम्ही इथं भुतं नाचवता!" त्यांनी बाईंकडे रोखून पाहिलं. "बाई, दिवाणजीचं अक्षर गावात आणखी कोनाले येते? तुमालेच न?"

बाईंना चपराक बसल्यासारखी झाली. बोलणं खोटं नव्हतं.

"उद्या चार वाजता गाडी घेऊन येतो. दसऱ्याले वह्या घरीच पाह्यजेत, पूजेले."

"आणि पूजेनंतर?"

"पूजेनंतर काय, बंबात जातीन," असं म्हणून भगवंतराव चालते झाले.

रात्रभर बाईंच्या डोळ्याला डोळा नाही. दोन वाटा दिसत होत्या. एक म्हणजे, बाबा खरंच आले होते, मग प्रश्नच मिटला. पण चोवीस वर्षं पोरींना गणित शिकवलेल्या बाईंचं मन तिथे थांबेना. दुसरी वाट म्हणजे, कुणा जिवंत माणसानं लिहिलं होतं. भुताला लिहायला शाई लागत असेल एक वेळ, पण ती वाळवायला वाळू कशाला? ओल्या शाईवर चिमूट वाळू टाकून पान झटकायचं, ही जुन्या पेढीवरची सवय. ज्याला ती सवय लागली, त्याच्या हातून ती आपोआप होते. शेषरावांना टिपकागद. भगवंतरावांना मोडीचा म ठाऊक नाही.

मग उरलं कोण?

५

सकाळी वाचनालयाच्या दारात शेषराव पितळी समई घासत बसले होते.

"बाई, उद्या नका येऊ बरं. खंडेनवमी हाय. दौत, टाक, कुलूप, किल्ली, सगळं पाटावर पूजेत. आज सांजेले ठेवलं का परवा दसऱ्यालेच उचलाचं. मधात पेनाले हात लावत नाही मी."

बाई उंबरठ्यावरच थबकल्या.

"शेषराव, हे पेढीवरही करत असतील?"

"नाही तर! वह्या तर पयल्या. वही उघडी ठेवून तिच्यावर कुंकू वाहाचं. शेतकरी औताले वाहाते, वानी वहीले."

बाई जवळजवळ धावतच मागच्या खोलीत गेल्या. तेराशे तेहतीसची वही उघडली. आश्विन. एवढे दिवस त्या ओळीतलं अक्षर बघत होत्या, आकडा बघत होत्या. ओळ कुठे आहे हे त्यांनी पाहिलंच नव्हतं. आता पाहिलं. वर मथळा होता, 'आश्विन शुद्ध नवमी. श्री.' आणि त्याखाली ती ओळ.

नवमीच्या दिवशी! बोरू पाटावर असताना!

उत्तमराव फळीपाशी फडकं मारत होते. "उत्तमराव, तेराशे बत्तीस द्या." वही हातात आली. नवमी: मथळा, श्री, कुंकवाचा डाग, आणि खाली चार बोटं कोरी जागा. "एकतीस द्या." कोरी. "सत्तावीस." कोरी. "अठ्ठावीस, एकोणतीस." सगळीकडे नवमी कोरी. महिना दाटीवाटीनं भरलेला, एक रेघ घुसवायला जागा नाही, आणि नवमीला मात्र चार बोटं मोकळी.

म्हणजे ज्यानं ती ओळ मागाहून घुसवली, त्यानं नवमीला घुसवली कारण साऱ्या महिन्यात मोकळी जागा तेवढीच होती!

बाईंनी तेहतीसचं पान तिरकं करून उन्हात धरलं. 'श्री'वर कुंकू बसलं होतं, काळ्यावर लाल. ओळीचं उलटं होतं. तिथे कुंकवाच्या डागावरून शाई गेली होती, लालवर काळी. श्री आधी, मग पूजा, मग ओळ.

"पंचवीस द्या, उत्तमराव. तेराशे पंचवीस."

वही पुढे आली. बाईंनी हात पुढे केला आणि हात तसाच राहिला. वह्यांच्या पाठीवर सन लिहिले होते ते मोडीत. एवढ्या वेळात उत्तमरावांनी एकही वही चुकवली नव्हती.

उत्तमरावांच्याही ते त्याच क्षणी ध्यानात आलं. दोघांच्या मध्ये ती वही हवेत धरलेली होती.

६

"अंगठा उठवता तुम्ही," बाई हळूच म्हणाल्या.

"हाव."

"आणि बारा वाजता मी गेले की शेषराव कुलूप घेऊन दाराबाहेर पाठमोरे उभे राहतात. खिडक्या कोण लावतं?"

"मी लावतो. पाच खिडक्या, तेवढा वेळ पुरते." उत्तमरावांनी वही खाली ठेवली आणि ते भिंतीला टेकून बसले. त्यांच्या बंडीच्या खिशातून बोरू आणि वाळूची पुरचुंडी निघाली. "दिवाणजीनंच शिकवलं, बाई. दुपारी काटा बंद राहे. परातीत ही ज्ञानगंगेची वाळू पसरून बोटानं गिरवून घेत. मापाऱ्याच्या जातीले कोन शिकवते? त्याहीनं शिकवलं. म्हनत, कोनाले सांगू नको, लोकं हसतीन. तुमी याव कधी कधी भाकर घेऊन. 'सत्ये, बस' म्हनत तुमाले."

बाईंना परात आठवली. परातीपाशी वाकलेला एक धिप्पाड माणूसही आठवला.

"हिंमतराव मालकानं एक दिस पाह्यलं. त्याहीले दिवाणजी डोळ्यात सले, काऊन का दिवाणजी तोलात हात मारू देत नव्हते. मालक म्हने, एक ओळ लिव. नाही तर बायकोपोरं घेऊन माह्या जाग्यातून निंघ. बायको बाळंतीन होती." त्यांनी डोळे पुसले नाहीत, तसेच वाहू दिले. "मले वाटलं, दिवाणजी नांदुरा सोडतीन. जानेफळले, मेहकरले, कुठंबी नोकरी धरतीन. एवढा हुशार मानूस. डोहात जातीन असं वाटलं नाही न मले!"

"चाळीस वर्षं!" बाई ताडकन उठल्या. त्यांचा आवाज शेषरावांनी बाहेर ऐकला. "चाळीस वर्षं माझी आई तुमच्या समोरून खाली मान घालून गेली, उत्तमराव! तिच्या तिरडीला तुम्ही खांदा दिलात! तेव्हा जीभ झडली होती का?"

"झडली होती," उत्तमराव म्हणाले. "तुमी रोज त्या ओळीवर बोट ठेवून बसत. मले वाटे, माह्या नरड्यावर हाय. बोलाव तर मापाऱ्याचं कोन ऐकन? म्हनून वाटलं, त्याहीच्या नावानं लिवून त्याहीले बुडवलं, तर त्याहीच्याच नावानं लिवून वर काढाव."

बाहेर बैलांच्या घुंगरांचा आवाज आला. भगवंतरावांची गाडी, चाराच्या बरीच आधी.

भगवंतराव दोन गडी घेऊन आत शिरले. बाईंनी त्यांची वाट अडवली नाही. फक्त ते पान उघडून खिडकीत ठेवलं आणि म्हणाल्या, "वाचू नका. नुसतं बघा. ह्या श्रीवर कुंकू वर आहे की शाई?"

"कुंकू."

"आणि ह्या ओळीत?"

भगवंतराव वाकले. बराच वेळ वाकूनच राहिले. "शाई," ते म्हणाले, पण आवाजातला जोर गेला होता. "तरी अक्षर दिवाणजीचंच हाय. सारं गाव सांगन."

"उत्तमराव," बाई म्हणाल्या, "बोरू घ्या. जे मला सांगितलं ते लिहा. खाली स्वतःचं नाव घाला."

"बाई, मी लिवलं तरी त्याहीचंच अक्षर येते. माह्याजवळ दुसरं अक्षर नाही."

"म्हणूनच लिहा. पाटलांच्या डोळ्यांदेखत."

उत्तमरावांनी कोऱ्या कागदावर बोरू टेकवला. रेघ उमटली ती तीच. टोकाला किंचित वर उचललेली, शेवटी झोल घेतलेली. भगवंतराव एकदा कागदाकडे आणि एकदा वहीकडे पाहत होते. शेषराव दारात उभ्या उभ्या पुटपुटले, "बाप्पा रे!" शेवटी उत्तमरावांनी आपलं नाव घातलं, खिशातली चिमूट वाळू काढली, ओल्या शाईवर भुरभुरली आणि कागद झटकला.

गड्यांनी दहा-बारा वह्या उचलल्या होत्या, ते तसेच उभे.

"किती लोकायले सांगसान हे?" भगवंतरावांनी विचारलं.

"जितक्यांना 'चोर' म्हणून सांगितलं होतं, तितक्यांना."

भगवंतरावांनी टोपी काढली, कपाळ पुसलं. "सोयरीक..." एवढं म्हणून थांबले. मग गड्यांवर खेकसले, "पाहाता काय बे! ठेवा वह्या खाली." दाराशी जाऊन ते वळले, बाईंकडे नाही, त्या वहीकडे पाहून त्यांनी हात जोडले आणि निघून गेले.

संध्याकाळ व्हायला आली. शेषराव पाट मांडत होते, थोड्या वेळानं दौत-टाक पूजेत जायचे. बाईंनी घाईनं पेन्सिल घेतली. खोट्या ओळीसमोर बारीक अक्षरात लिहिलं, 'ही ओळ वामनरावांची नव्हे.' मग तळाशी आल्या.

"ह्या दोन्ही काऊन?" उत्तमराव कळवळून म्हणाले. "ह्या तर खऱ्या हायेत!"

"खरं आहे ते. पण बाबांनी लिहिलेलं नाही. त्यांना खोट्या ओळीनं बुडवलं, खोट्या ओळीनं सोडवायचं नाही." त्यांनी पहिल्या ओळीसमोर तेच शब्द लिहिले. दुसऱ्या ओळीपाशी पेन्सिल टेकवली. 'सत्ये, मी चोर नव्हे.' आईनं रागाच्या भरात वडिलांचं सगळं लिखाण चुलीत घातलं होतं. त्या अक्षरात आपलं नाव बाईंनी चाळीस वर्षांत पाहिलं नव्हतं.

"लिवा न, बाई."

बाईंनी 'सत्ये' सोडून पुढल्या तीन शब्दांखाली रेघ ओढली आणि त्यांच्यासमोर लिहिलं, 'एवढे शब्द वामनरावांचे नव्हेत.'

"पयला सुटला," उत्तमराव म्हणाले. "तोबी मीच लिवला."

"ठाऊक आहे मला," बाई म्हणाल्या. त्यांनी वही मिटली, आणि उत्तमराव उठायच्या आत स्वतःच जाऊन पाचही खिडक्या लावल्या.